आमच्या कंपनीतल्या स्वीडिश गुणाबाई

आमच्या नाटक कंपनीतली माणसं आता बोटावर मोजण्याइतकी उरलीत. पण त्यातली दोघं जरी समोरासमोर बसली, तरी चहा निवायच्या आत गुणाबाईंचं नाव निघतंच! आणि एकदा निघालं की संपलं. एकाला एक किस्सा आठवतो, दुसऱ्याला त्याच किश्शाचं निराळंच शेपूट आठवतं, आणि दर खेपेला दोन-चार नवे उगवतात. घडले किती आणि उगवले किती, देव जाणे.

मी त्या कंपनीत प्रॉम्प्टर. म्हणजे विंगेत उभं राहून दुसऱ्यांची वाक्यं कुजबुजणं हा माझा धंदा. त्यामुळं कुणी किस्सा चुकीचा सांगायला लागलं की मला राहवत नाही. मी मधेच खरं वाक्य पुरवतो. मग भांडण! माझं नाव शांतवन असलं तरी मी काही शांत माणूस नाही. परवा गजाननराव याच पायी अर्धा चहा टाकून उठून गेले. म्हणून म्हटलं, एकदा माझ्याकडून सगळं ऐकून घ्या. मग हवं तर त्यांच्याकडं जा आणि काय गोंधळ करून घ्यायचा तो करून घ्या.

*

लढाईचे दिवस होते. रॉकेल मिळेना, गॅसबत्त्या पेटेनात, म्हणून आम्ही खेळ दुपारी लावायला लागलो होतो. नगरात माळीवाड्याकडं मुक्काम होता. एका सकाळी तालीम ऐन रंगात आली आणि दारात टांगा थांबला. आतून एक गोरी बाई उतरली. उंच म्हणजे किती, टांग्यातून उतरताना तिला दोनदा वाकावं लागलं! डोक्यावर हॅट, मागं मोठी ट्रंक.

आमचे मालक नाना नायकाचं कामही स्वतःच करायचे. त्यांना वाटलं, लष्करातल्या कुणा साहेबाची मडम आरडाओरड्याची तक्रार घेऊन आली. हातातली लाकडी तलवार तशीच धरून ते पुढं झाले आणि म्हणाले, "मॅडम, वुई आर क्लोज! ऑलवेज क्लोज!"

टांगेवाला वैतागला होता. "टेशनापासून बाई नुसतं थेटर थेटर करतीया. हे काय थेटर! आता उतरून घ्या."

कंपनीत मिशनच्या शाळेत मॅट्रिकपर्यंत शिकलेला मी एकटा. मला पुढं ढकललं. बाईच्या हातातल्या चिठ्ठीवर इंग्रजीत लिहिलं होतं, 'थिएटर सिस्टर, मिशन हॉस्पिटल'. म्हणजे तिची चुलतबहीण दवाखान्यात नर्स होती, ऑपरेशन थिएटरमधली! टांगेवाल्याला वाचता येत नव्हतं. त्यानं कानाला जे थेटर ऐकू आलं तिथं आणून सोडलं. आम्ही दवाखान्यात चौकशी केली, तर चुलतबहीण दोन महिन्यांपूर्वीच मद्रासकडं बदलून गेलेली.

बाई ट्रंकेवर बसली ती बसलीच. मोडक्यातोडक्या इंग्रजीत तिनं सांगितलं ते असं. ती स्वीडनची. तिकडं गायची, नाटकांत कामं करायची, पोस्टरवर नाव यायचं. एका गोऱ्या लोकांच्या नाचगाण्याच्या कंपनीबरोबर ती मुंबईला आली आणि लढाई पेटली. बोटी बंद झाल्या. कंपनी फुटली. मॅनेजर सगळ्यांचे पासपोर्ट घेऊन कुठं गेला ते कुणालाच ठाऊक नाही.

नानांनी एवढ्यातलं नेमकं एकच ऐकलं. "गाते? नाटकात कामं करते? शांतवन, मराठी येतं का विचार!"

"अहो नाना, ती स्वीडनची आहे!"

"ते कुठं आलं?"

आता मला तरी कुठं ठाऊक! पण मॅट्रिकच्या अब्रूचा प्रश्न होता. मी ठणकावून सांगितलं, "जर्मनीच्या जरा वरच्या अंगाला." सगळ्यांनी माना डोलावल्या. आणि त्यातला 'जर्मनी' एवढाच शब्द जो तो घरी घेऊन गेला.

बाईनं आपलं नाव सांगितलं, गुन्हिल्ड. आमच्या स्वयंपाकाच्या सगुणामावशी म्हणाल्या, "गुणाबाई व्हय? चांगलं नाव हाय की!" झालं. त्या दिवसापासून त्या गुणाबाई.

*

तिसऱ्याच दिवशी चौकीतून बोलावणं आलं. नाटकवाल्यांनी जर्मन बाई ठेवलीय अशी बोंब गावभर झाली होती. नगरला तेव्हा जर्मन लोकांना धरून आणून तारेच्या कुंपणात ठेवलेलं. मी बाईंना घेऊन गेलो. समोर दगडू हवालदार. मोठी मिशी आणि पुढ्यात त्याहून मोठी वही.

"नाव?"

"गुन्हिल्ड."

"गुन्हा मागनं लिवू. आदी नाव सांगा."

"गुन्हिल्ड!"

हवालदारानं माझ्याकडं पाहिलं. "काय ओ मास्तर, बाई इचारायच्या आदीच कबूल व्हतीया की!"

मग गाव विचारलं. बाई म्हणाल्या, "स्वेरिये." त्यांच्या भाषेत स्वीडनला तसंच म्हणतात.

"सोयरीक? लगीन जुळवाया आलाय व्हय हितं?"

मी मधे पडायला गेलो, तर हवालदारानं मला गप्प बसवलं. त्यानं बाईंच्या डोळ्यांत डोळे घालून विचारलं, "खरं सांगायचं. जर्मन का?"

बाई खाडकन उभ्या राहिल्या. "नेय! नेय!"

हे त्यांच्याकडचं 'नाही'. पण हवालदाराला कसं कळावं? "ने म्हनती? कुठं नेऊ? क्यांपात?"

"नेय! नेय! नेय!"

हवालदारानं टाक खाली ठेवला. "कमाल हाय! आजवर तितं न्या म्हून कुनी मागं लागलं न्हवतं!"

मी कपाळावर हात मारून घेतला आणि पहिल्यापासून सगळं समजावलं. अखेर ठरलं ते असं. बाई स्वीडनच्या आहेत याचा पुरावा आणायचा. तोवर त्यांनी दगडू हवालदाराच्या नजरेखाली राहायचं. कंपनी गावोगाव जाणार, तर हवालदारही बरोबर येणार. पुरावा मिळाला तर बाई सुटल्या, नाही मिळाला तर तारेच्या आत.

परत येताना टांगा त्या तारेच्या कडेनंच गेला. बाईंनी हॅट तोंडावर ओढली आणि कुंपण संपेपर्यंत काढली नाही. मला फार वाईट वाटलं. आमच्या माहितीत त्यांच्या भाषेचा एक शब्द बोलणारं माणूस नव्हतं, आणि म्हणे देश सिद्ध करा!

*

बाईंचं पहिलं काम मुक्या राजकन्येचं. मूळ नाटकात राजकन्या चांगली बडबडी होती. नानांनी तिला मुद्दाम मुकी केली. शेवटच्या अंकात शाप सुटतो आणि ती एकच पद म्हणते, एवढंच. पद मी इंग्रजी अक्षरांत लिहून दिलं. आणि गळा काय सांगू! तालमीत बाईंनी पहिला सूर लावला आणि पेटीवाला पेटी थांबवून नुसता ऐकत बसला. नानांच्या डोळ्यांत पाणी आलं.

पण पहिला खेळ तोंडावर आला आणि बाईंचा घसा बसला. कारण ताक!

झालं असं, पहिल्या दिवशी पंगतीत मावशींनी बाईंना भाकरी वाढली. बाई हसून म्हणाल्या, "ताक." मावशींनी ताक वाढलं. बाई म्हणाल्या, "ताक, ताक!" मावशींनी वाटी काठोकाठ भरली. वाढलेलं टाकू नये म्हणून बाईंनी ती पिऊन टाकली. मावशींनी पुन्हा भरली. बाई कळवळून म्हणाल्या, "ताक!" पुन्हा भरली. असं चार दिवस, दोन्ही वेळच्या जेवणाला!

पाचव्या दिवशी मावशींनी मला बाजूला घेतलं. "मास्तर, बाई गुणाची हाय, पन तिला ताकाचं याड हाय बगा. म्हशीला तरी किती पिळावं मानसानं?"

आणि तिकडं बसक्या आवाजात बाई मला इंग्रजीत विचारतात, "मास्तर, तुमच्यात कुणी थँक्यू म्हटलं तर शिक्षा म्हणून ते आंबट पाणी पाजतात का?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. त्यांच्याकडं 'ताक' म्हणजे थँक्यू! मी मावशींना सांगितलं की बाई आभार मानतायत. त्यावर मावशी भडकल्याच. "भाकरी वाडली म्हून आबार? आमी काय परक्या हाओत व्हय?"

मग बाईंना शिकवलं, आमच्यात आभार मानत नाहीत, नुसतं 'आता पुरे' म्हणायचं. त्यांनी ते इतकं मनावर घेतलं की कुणी काही दिलं की हात जोडून 'आता पुरे!' पहिल्या खेळाला एक बडे अधिकारी भाषण करून हार घालायला स्टेजवर आले. त्यांचं भाषण जरा लांबलंच होतं. हार गळ्यात पडताच बाई खणखणीत आवाजात म्हणाल्या, "आता पुरे!" लोकांनी एवढ्या टाळ्या नाटकालाही दिल्या नव्हत्या.

*

पुढं बाईंना बोलायची कामं मिळायला लागली. युक्ती सोपी होती. मी विंगेतून कुजबुजायचं आणि बाईंनी ते जसंच्या तसं म्हणायचं, अर्थाच्या भानगडीत पडायचंच नाही. कान एवढा तयार की मी खोकलो तर त्याच सुरात त्याही खोकायच्या.

नगरातलीच गोष्ट. बाई राणी, नाना राजा. बाईंचा पदर खांद्यावरून घसरायला लागला. मी घाईनं कुजबुजलो, "पदर सावरा!"

बाई राजाकडं वळल्या आणि कडाडल्या, "पदर सावरा!"

नानांनी दचकून आपला शेला सावरला! त्या नादात ते आपलं वाक्य साफ विसरले. माझी तारांबळ उडाली. मी म्हणालो, "अहो ते नाही! नाना विसरलेत! पुढचं वाक्य सोडा!"

बाई सावकाश पुढं आल्या. उजवा हात छातीवर ठेवला. डोळ्यांत पाणी आणलं. आणि असं काही म्हटलं, असं काही म्हटलं, "अहो ते नाही! नाना विसरलेत! पुढचं वाक्य सोडा!"

थेटर हललं! "वन्स मोअर! वन्स मोअर!" आता हे दोन शब्द इंग्रजी, त्यामुळं तेवढे मात्र बाईंना नीट कळायचे. त्यांनी पुन्हा म्हटलं. दुसऱ्या खेपेला तर पुढच्या रांगेतल्या बायका डोळे पुसत होत्या.

पहिल्या रांगेत दगडू हवालदार सरकारी कामावर बसलेला. प्रत्येक खेळाची नोंद वहीत. मी खेळ संपल्यावर हळूच डोकावून पाहिलं. लिहिलं होतं, 'राणीने राजास पदराबाबत समज दिली. राजाने ऐकले.'

*

कोपरगावचा किस्सा गजाननराव वेगळा सांगतात, पण ते तेव्हा अर्धवट दाढी झालेल्या अवस्थेत होते, त्यांना काय दिसणार! आधी त्यांची ओळख करून द्यायला हवी. गजाननराव आमच्या कंपनीतले स्त्रीपार्टी. नाजूक बांधा, गोड आवाज, मुरका असा की खऱ्या बायकांनी शिकून घ्यावा.

कोपरगावला उसाच्या कामावरची माणसं खेळाला लोटायची. नानांचा कडक हुकूम होता, पुढच्या दाराशिवाय कुणाला आत सोडायचं नाही. बाई मागच्या दाराशी वाऱ्याला बसून तोंड रंगवत होत्या. एक पागोटेवाला आला. अदबीनं म्हणाला, "बाईसायेब, आत येऊ का?"

समजलं नाही तरी हो म्हणून टाकायचं, ही बाईंची सवय. आणि त्यांच्याकडचं 'हो' म्हणजे काय? "या!"

"आमची मानसं बी हायेत."

"या, या!"

"समदीच येऊ द्या?"

"या! या! या!"

अर्ध्या तासानं नाना पुढच्या दाराशी गेले. तिथं चिटपाखरू नाही, आणि तंबू मात्र खचाखच भरलेला. सगळा लोंढा रंगपटातून, गजाननरावांच्या आरशासमोरून आत गेला होता! दगडू हवालदार काठी आपटत ओरडला, "कुनी सोडलं रं तुमाला?"

"बाईसायबांनी! येकदा न्हाई, तीन-तीनदा या म्हनल्या!"

नाना तणतणत मागच्या दाराशी आले. "गुणाबाई, ह्या लोकांना तुम्ही आत घेतलंत?"

बाई म्हणाल्या, "या."

नानांनी डोकं धरलं. "आता आणखी कुणाला बोलावताय!"

*

नानांची एकच तक्रार होती. "गातात झकास, पण बाईसारखं चालत नाहीत!" बाईंच्या ढांगा लांब. म्हणून गजाननरावांनी त्यांना महिनाभर बायकी चाल शिकवली. नऊवारीत पाऊल कसं टाकायचं, पदर दातात कसा धरायचा, लाजायचं कसं. एक बाप्या एका बाईला बाई व्हायला शिकवतोय, आणि शिकवून झाल्यावर म्हणतोय, "नाही हो जमत तुम्हाला, ते अंगातच असावं लागतं!"

कर्जतला दवंडी दिली, 'खरी गोरी बाई स्टेजवर!' लोक बैलगाड्या जुंपून आले. बाई राणी झाल्या, गजाननराव त्यांची सखी. आणि पहिल्या अंकातच पब्लिकनं निकाल देऊन टाकला. ती मुरकतीया ती खरी बाई, आणि ती ताडमाड राणी म्हणजे सफेदा फासलेला गडी! फसवलं म्हणून ओरडा झाला. नानांनी हात जोडून सांगितलं, मी बायबलवर हात ठेवायला तयार झालो, पण कुणी ऐकेना.

शेवटी पाच-सहा बाया शहानिशा करायला रंगपटात घुसल्या. त्यांच्यातल्या एका म्हातारीनं पदराचं टोक पाण्यात बुडवलं आणि गुणाबाईंचा गाल घासायला घेतला. बाई मुकाट्यानं उभ्या. म्हातारी घासतीय, घासतीय. गाल लाल झाला, पण पांढरेपणा जाईना. "निगंना की गं!" असं म्हणत ती गजाननरावांकडं वळली आणि त्यांच्या गालावर एकच फराटा ओढला. सगळी पावडर पदरात, आणि खाली दाढीचे खुंट!

म्हातारी किंचाळतच बाहेर पळाली. "अगं बया! बाईला दाडी हाय आन् गड्याचा रंग जाईना!"

गजाननराव म्हणतात, असं काही घडलंच नाही. नाही ना? मग त्यानंतर कर्जतचं नाव काढलं की ते गालाला हात का लावतात?

*

हे सगळं चाललं होतं, पण बाईंच्या देशाचा पुरावा काही येत नव्हता. इथून पुढचं सांगताना मला अजून लाज वाटते. पण दुसऱ्या कुणी सांगण्यापेक्षा मी सांगितलेलं बरं.

मुंबईला पत्र मीच लिहिलं होतं. इंग्रजी येणारा मीच ना! माझा हिशेब असा, इंडियाचं जसं इंडियन, तसं स्वीडनचं स्विस. झोकात दोन पानी पत्र लिहिलं, 'आपल्या थोर स्विस देशाची एक कन्या आमच्यात आहे, तरी तिला ओळख द्यावी.' पत्ता शोधून काढला तोही स्विस लोकांच्या कचेरीचा. हवालदाराच्या हातून सरकारी टपालानं धाडलं.

वर्ष व्हायला आलं तेव्हा उत्तर आलं. शिक्का, सही, सगळं व्यवस्थित. 'कसून चौकशी केली. या नावाची कोणी बाई आमच्या देशाची नाही.'

आणि ते थेट फायलीत लागलं! पुरावा आणायला मी गेलो आणि उलटा पुरावा करून आलो. बाईंना कसं सांगावं ते मला कळेना. तोवर त्या मावशींपाशी बसून फडाफडा मराठी बोलायला लागल्या होत्या, मावशींचंच मराठी. मी कागद पुढं केला. त्यांनी वाचला. रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "मास्तर, स्विस म्हंजी स्वित्झर्लंड. आमी न्हवं." आणि तोंड फिरवून बसल्या. मी विंगेत जाऊन ढसाढसा रडलो. मावशी आठ दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. भाकरी लांबून टाकायच्या.

नानांनी मात्र जवळ बोलावून शांतपणे विचारलं, "शांतवन, मॅट्रिकला तू नापास कशात झाला होतास रे?"

"भूगोलात."

*

नेमका त्याच सुमाराला लष्करात नवा साहेब आला. विलायतेतून ताजा उतरलेला. हिंदुस्थानीचे दहा शब्द आणि मराठीचा एकही नाही. त्यानं फाईल वाचली आणि हुकूम काढला, येत्या सोमवारी बाई तारेच्या आत. स्वीडिश आहे म्हणता, तर स्वीडिश बोलणारं माणूस आणा, माझ्यासमोर बोलू दे. नाहीतर संपलं.

मावशींचा अबोला तेव्हा सुटला. "मास्तर, आमच्या गावच्या पाद्रीबाबाला इचारा की. त्यो बी असाच ताडमाड. इंग्रज न्हाई म्हनत्यात त्याला." मी तडक कर्जतच्या पलीकडं त्या गावाला गेलो. बाबा शेळीला पाला घालत होते. चाळीस वर्षांपूर्वी कुठल्याशा मिशनबरोबर आले, मिशन गेलं, हे राहिले. मी विचारलं, "बाबा, तुम्ही मूळचे कुठले?"

"हितलाच की."

"त्याच्या आधी?"

बाबांनी बराच वेळ आठवलं. "स्वीडन." मी त्यांचे पायच धरले.

सोमवारी साहेबाच्या कचेरीत आम्ही हजर झालो. साहेब टेबलामागं. पुढं दोन खुर्च्या, एकीवर बाबा, एकीवर गुणाबाई. मी भिंतीशी, दगडू हवालदार दाराशी. साहेबानं पेन्सिल हलवून इशारा केला, बोला.

बाबांनी घसा साफ केला आणि एक वाक्य बोलले. बाईंच्या कपाळाला आठ्या पडल्या. त्या काहीतरी बोलल्या. बाबांनी कानामागं हात धरला. बाबा पुन्हा बोलले, तर बाई माझ्याकडं बघायला लागल्या. बाईंनी नंतर सांगितलं, बाबा त्यांच्या देशाच्या दक्षिण टोकाचे, त्या उत्तरेच्या. त्यात बाबांची बोली आजोबांच्या वेळची, आणि चाळीस वर्षांत न बोलता निम्मी विसरलेली. एकाचं एकाला कळेना. साहेब पेन्सिल टेबलावर आपटायला लागला.

तेव्हा बाबा पुढं वाकले. खालच्या आवाजात म्हणाले, "बाय, तुजं मला काय बी कळंना. माजं तुला कळतंय का?"

"न्हाई बाबा," गुणाबाई म्हणाल्या. "काय बी न्हाई."

"मंग असंच बोलू. गाव कुन्या अंगाला तुजं?"

"लई वर. समुद्र हाय तितं. आन् बर्फ."

"आय हाय?"

"हाय. दोन वर्सं झाली, पत्र न्हाई. जित्ती हाय का न्हाई, त्ये बी कळंना."

बाबांनी त्यांचा हात आपल्या हातात घेतला. "आसंल, बाय. म्हाताऱ्या लई चिवट असत्यात."

"मला तारंत न्हाई जायाचं, बाबा. म्या काय बी केलं न्हाई."

"रडू नगं. रडू नगं माजे बाय." असं म्हणत म्हातारा स्वतःच रडायला लागला. भिंतीशी मीही रडत होतो.

साहेबाची पेन्सिल थांबली. त्याला एक अक्षर कळलं नव्हतं, पण तो कान देऊन ऐकत होता. मी कंपनीचा माणूस, माझ्यावर त्याचा भरवसा नव्हताच. तो दाराकडं वळला. वर्षभर बाईंवर नजर ठेवलेला सरकारी माणूस तिथं उभा होता.

"हवालदार! ये कौनसा बोली है? स्वीडिश?"

दगडू हवालदारानं टाचा जुळवल्या आणि कडक सलाम ठोकला.

"येस सर! पक्की स्वीडिश!"